कलकत्त्याची चिनी वस्ती आणि चार तालुक्यांचे देऊळ



व्याख्यानांचा फलक चौकात लागला आणि तो वाचून आमचे एक जुने स्नेही आम्हांला वाटेत अडवून म्हणाले, "काय हो, यंदा मजुरी-महागाई सोडून खाण्यापिण्यावर बोलणार वाटते?" त्यांचा दोष नाही. चिनी वस्ती म्हटली की आपल्या मनापुढे आधी ताट येते, आणि ताटानंतर सिनेमा. १९५८ साली निघालेल्या 'हावडा ब्रिज'मधली हेलन साऱ्या हिंदुस्थानाने पाहिली. त्याच्या पुढल्याच वर्षी मृणाल सेन यांनी 'नील आकाशेर नीचे' हा बंगाली चित्रपट काढला. महादेवी वर्मांच्या एका लेखावरून. त्यात नायक आहे कलकत्त्याच्या गल्ल्यांतून रेशीम विकत हिंडणारा एक गरीब चिनी फेरीवाला. तो किती जणांनी पाहिला? नाच लक्षात राहतो, गाठोडे पाठीवर घेऊन चालणारा माणूस विसरला जातो. आम्ही आज त्या गाठोडेवाल्याच्या बाजूने बोलणार आहोत, तेव्हा संप नसला तरी विषय आमचाच आहे.

आम्ही कलकत्त्यास गेलो ते कातडी कामगारांच्या एका बैठकीसाठी. (२००१ पासून त्या शहराचे सरकारी नाव कोलकाता झाले आहे, आमच्या तोंडी जुने बसले, त्याला इलाज नाही.) बैठक दोन दिवसांत आटोपली आणि परतीचे तिकीट तीन दिवसांनंतरचे होते. मोकळे तीन दिवस मिळाले की आम्ही देवळे किंवा राजवाडे पाहावयास जात नाही. कोण कुठे काय काम करतो, ते पाहत हिंडतो. खोड जुनी आहे.

रविवारी पहाटे सहाला टिरेटा बाजारात पोचलो. लालबाजारचे पोलीस मुख्यालय तेथून हाकेच्या अंतरावर आहे. पोद्दार कोर्ट नावाच्या इमारतीजवळ रस्त्याच्या कडेला बाकडी मांडलेली, त्यांवर वेताच्या व ॲल्युमिनियमच्या चाळण्यांतून वाफ निघते आहे. मोमो, माशाच्या गोळ्यांचे सूप, आत मांस भरलेले पांढरे पाव, तिळात घोळवलेल्या गोड गोळ्या. विकणाऱ्यांत थोडे चिनी, बाकी बंगाली व बिहारी; खाणाऱ्यांत सगळे जग. आम्हीही खाल्ले, भुकेल्या पोटी समाजशास्त्र होत नाही. एका वृद्ध चिनी बाईंना आम्ही मोडक्या हिंदीत विचारले, "माँजी, आपका गाँव?" त्यांनी पळी न थांबवता सांगितले, "गाँव? यही." नऊच्या आत बाजार उठला. बाकडी गेली, भाजीच्या हातगाड्या आल्या, आणि येथे चिनी वस्ती होती असे नवख्या माणसाला सांगूनही पटू नये असा तो रस्ता झाला.

टिरेटा हे नाव चिनी नव्हे, इटालियन आहे. एडवर्ड टिरेटा नावाचा एक इटालियन गृहस्थ अठराव्या शतकाच्या अखेरीस कंपनी सरकारकडे रस्ते व इमारतींचा सुपरिंटेंडंट होता. हा बाजार त्याच्या मालकीचा. म्हणजे जमीन बंगालची, राज्य इंग्रजांचे, बाजार इटालियनाचा आणि राहणारे चिनी. मूळचे कोण आणि उपरे कोण, या प्रश्नावर आजकाल फार जोराने बोलणाऱ्यांनी त्या नाक्यावर जरा वेळ उभे राहून पाहावे.

तेथून आम्ही छातावाला गल्लीत शिरलो. तेथे एक चिनी देऊळ आहे, पण त्याला म्हणतात 'सी इप चर्च'. त्या भागातल्या साऱ्याच चिनी देवळांना चर्च हाच शब्द रूढ आहे. हे देऊळ १९०५ सालचे, आत क्वान यिन देवी. खरा अर्थ नावात आहे. सी इप म्हणजे चार तालुके. दक्षिण चीनमधील क्वांगतुंग प्रांतात एकमेकांना लागून असलेले चार तालुके आहेत. तेथून जे लोक कलकत्त्यास आले, त्यांची ही संस्था. खाली बसा-उठावयाची जागा, वर देव. नवा माणूस बोटीतून उतरला की आधी येथे यावयाचा. येथे त्याला आपली भाषा बोलणारा भेटे, कामाचा पत्ता मिळे. आणि मेला तर मातीची सोय होई.

हे ऐकताना आम्हांला आमच्या गिरणगावातल्या गावकीच्या खोल्या आठवल्या. रत्नागिरीकडचा मुलगा वळकटी घेऊन बंदरावर उतरे तो थेट आपल्या गावाच्या खोलीवर जाई. दहा-पंधरा गडी एका खोलीत, पाळीप्रमाणे झोप, खानावळीचे जेवण आणि भिंतीवर ग्रामदेवतेची तसबीर. मुंबईतल्या तालुका मंडळांची नावे आपण वाचतोच. कलकत्त्यातल्या चिनी माणसाने दुसरे काय केले? आणि एवढ्यावर थांबावयाचे कारण नाही, कारण हेच 'चार तालुके' मुंबईतही आहेत. माझगावात डॉकयार्ड रोड स्टेशनापासून जवळ, नवाब टँक रस्त्यावर एक लाल चिनी देऊळ आहे, १९१९ सालचे, नाव 'सी यिप कून'. माझगावच्या गोद्यांत येणाऱ्या खलाशांनी ते बांधले. कलकत्त्यातले आणि माझगावातले नाव एकच, गावकी एकच. त्या रस्त्याने आम्ही उमेदीच्या काळात पत्रके वाटत शंभर वेळा गेलो असू; वर मान करून पाहिले नाही. ते पाहावयाची बुद्धी कलकत्त्याला जाऊन झाली.

आता या वस्तीचा आरंभ कसा झाला, ते सांगतो. आम्ही ज्यासाठी हा विषय घेतला तो भाग हाच.

हुगळीच्या काठी, बजबजच्या पुढे अछीपूर नावाचे गाव आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस टोंग अछू नावाचा एक चिनी व्यापारी तेथे आला. वॉरन हेस्टिंग्जने त्याला ६५० बिघे जमीन वर्षाला ४५ रुपये खंडाने दिली. दंतकथा अशी की, दिवसभरात घोडा जेवढी जमीन फिरून येईल तेवढी तुझी, असे साहेबाने सांगितले. अशा दंतकथा प्रत्येक जमीनदाराच्या मागे असतात. घोड्याने मिळवली म्हटले की बरे दिसते. अछूने तेथे ऊस लावला, साखरेचा कारखाना काढला आणि काम करावयास चीनहून माणसे आणली. (साखरेला 'चिनी' हा शब्द त्याच्यामुळे पडला, असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका, तो शब्द त्याच्या कितीतरी आधीचा आहे.) ही माणसे ठराविक वर्षांच्या कराराने बांधलेली होती. करार म्हणजे काय, हे येथे बसलेल्या ऊसतोडणी कामगारांच्या मुलांना आम्ही सांगावयास नको. उचल घेतली की पाय बांधले.

आणि ती माणसे पळू लागली. १७८१ च्या नोव्हेंबरात कंपनी सरकारने एक जाहीर नोटीस काढली. तिचा आशय असा : अछू याला सरकारचे संरक्षण आहे, त्याने तक्रार केली आहे की, काही दुष्ट लोक त्याचे करारबद्ध मजूर फूस लावून पळवीत आहेत, असे करणाऱ्यांना शोधून काढण्यास सरकार त्याला सर्व साहाय्य करील आणि त्यांस शिक्षा देवविल. श्रोतेहो, कलकत्त्याच्या चिनी वसाहतीचा जो अगदी आरंभीचा सरकारी कागद आहे, तो हा आहे. त्यात देवळाचा उल्लेख नाही, पक्वान्नाचा नाही. मालक तक्रार करतो आहे की माणसे टिकत नाहीत, आणि सरकार मालकाला म्हणते आहे की काळजी करू नको. आम्ही तीस वर्षे लेबर कमिशनरच्या कचेरीत जे कागद वाचीत आलो, त्यांचा हा पणजोबा!

फूस लावणारे हे दुष्ट लोक कोण? जहाजे सोडून कलकत्त्यात आधीच येऊन राहिलेले चिनी. ते शहरात सुतारकाम वगैरे करून पोट भरीत होते, आणि उसाच्या फडापेक्षा हातात रंधा बरा, एवढेच त्यांनी आपल्या गाववाल्यांना सांगितले असेल. १७८३ साली अछू वारला. कारखाना पुढे टिकला नाही. माणसे शहरात आली आणि कसाईटोला, बऊबाजार, टिरेटा या भागांत स्थिरावली. अछीपुरात नदीकाठी अछूचे थडगे आहे, घोड्याच्या नालेसारखे, लाल रंगाचे. चिनी नववर्षानंतर कलकत्त्याचे चिनी लोक दर साली तेथे जाऊन उदबत्त्या लावतात. आम्हीही जाऊन आलो. जागा रम्य आहे. पळून गेलेल्यांचे थडगे मात्र कुठे नाही.

पळून आलेल्यांच्या आणि त्यांच्यामागून आलेल्यांच्या हातांत काय होते, ते पाहा. कँटनकडचे लोक सुतार. गोद्यांत, जहाजांवर, साहेबांच्या बंगल्यांत त्यांच्या हातच्या कामाला मागणी. हूपे प्रांताचे लोक दातांचे वैद्य. शांतुंगकडचे रेशीमवाले, म्हणजे मघाचा तो गाठोडेवाला. हक्का लोक चांभारकाम करणारे. बेंटिंक स्ट्रीटवर त्यांची जोड्यांची दुकाने ओळीने होती, आणि पूजेच्या आधी तेथून नवा जोडा घेणे हा मध्यमवर्गीय बंगाल्याच्या घरी रिवाज होता. एकेका बोलीच्या माणसांनी एकेक धंदा धरला. साहेबाला मात्र सगळे एकच दिसत. १८३९ मध्ये आसाम कंपनी निघाली, तेव्हा वेणी असलेला प्रत्येक माणूस चहाचा जाणकार, असे समजून चिनी माणसे भरती झाली. त्यांत चहाचे झुडूप जन्मात न पाहिलेले लोक पुष्कळ निघाले. कामावर घेताना मजुराला काय येते, हे त्यालाच विचारावे, ही गोष्ट व्यवस्थापनाला तेव्हाही सुचली नव्हती.

आता टांगरा. शहराच्या पूर्वेला धाप्याकडची दलदल होती. तेथे विसाव्या शतकाच्या आरंभापासून हक्का लोकांनी कातडी कमावण्याचे कारखाने काढले. आपल्याला हक्का हा शब्द हॉटेलच्या पत्रकावरून ठाऊक आहे, शेवयांच्या आधी लागतो तो! त्याचा मूळ अर्थ 'पाहुणे'. चीनमध्येही उत्तरेकडून दक्षिणेत आलेले हे पाहुणेच, आणि पाहुण्यांच्या वाट्याला सगळीकडे उरलेली जमीन व उरलेले काम येते. हिंदुस्थानात असे उरलेले काम कोणते, हे आम्ही सांगावे काय? कातडे भिजवणे, चुन्यात घालून केस काढणे, आतला मांसाचा थर खरवडणे. आपल्याकडे हे काम ढोर-कक्कय समाजाच्या गळ्यात बांधले आणि वर त्यांनाच शिवेनासे झालो. धारावीत संत कक्कय यांच्या नावाचा रस्ता आहे, त्याच्या आसपास कमावणीचे कारखाने होते. तेथला वास आमच्या अंगाला अजून आहे. हक्का माणसाला या कामाचा विटाळ नव्हता. बाकीच्यांना होता, म्हणून त्याला स्पर्धा कमी. आमच्या जातिव्यवस्थेने जी जागा रिकामी ठेवली होती, तीत चीनहून आलेल्या पाहुण्याने घर बांधले, असा याचा सरळ अर्थ आहे.

पण आम्ही युनियनची माणसे, घराची दुसरी बाजूही पाहणारच. कारखाना चिनी कुटुंबाचा. बाप, मुलगे, सुना सगळे राबत, पहाटेपासून. हे खरे, आणि त्याचा आम्हांला आदर आहे. परंतु ओले कातडे उपसावयास, चुन्याच्या हौदात पाय घालावयास जो मजूर होता तो बिहारचा चर्मकार किंवा गरीब मुसलमान. जात त्याच्याबरोबर बिहारहून चालत आली आणि टांगऱ्यात तशीच राहिली. जो स्वतः उपरा म्हणून दलदलीत ढकलला गेला, त्याच्या हाताखाली आमचा उपरा होता. येथे कोणाची बाजू घ्यावी, असे विचाराल तर आमचे उत्तर सोपे आहे : हौदात पाय ज्याचे, त्याची. पण एवढे म्हणून सुटका होत नाही, कारण मध्ये १९६२ साल येते.

त्या साली चीनशी युद्ध झाले. युद्ध दोन सरकारांचे. येथे मात्र कायदा असा झाला की, ज्याच्या आईबापांपैकी किंवा आजाआजींपैकी एकजण जरी केव्हातरी शत्रुदेशाचा नागरिक असेल, त्याला परकीय म्हणून धरता यावे. स्वतः कलकत्त्यात जन्मला, बंगाली बोलतो, हिंदुस्थानाबाहेर पाऊल टाकलेले नाही, तरी परकीय. सुमारे ३,००० चिनी वंशाची माणसे उचलून राजस्थानात देवली येथील छावणीत ठेवली. बायका, मुले, म्हातारे सगळे त्यांत होते. बहुतेक आसाम व दार्जिलिंगकडचे, कलकत्त्याचेही होते. जे राहिले त्यांना पोलिसांत हजेरी आणि शहराबाहेर जावयास परवाना. दोन हजारांवर लोकांना १९६३ मध्ये मद्रासहून जहाजांनी चीनला पाठवले. त्यांतल्या कित्येकांनी तो देश कधी पाहिलेला नव्हता. देवलीतून शेवटचे लोक सुटले ते १९६७ साली. घरी आले तो दुकाने गेलेली, सामान लिलावात गेलेले.

देवली हे नाव आमच्या चळवळीला परके नाही. १९४१ साली इंग्रजांनी त्याच देवलीत डांगे, रणदिवे, जयप्रकाश नारायण यांना विनाचौकशी कोंडले होते. त्यांच्या उपोषणाने देश हलला, आमचे ना. म. जोशी तेथवर जाऊन त्यांची गाऱ्हाणी ऐकून आले. एकवीस वर्षांनी त्याच गावी, स्वराज्याच्या राज्यात, बेंटिंक स्ट्रीटचा चांभार आणि आसामातला सुतार कोंडला गेला. त्या वेळी कामगारसंघटनांनी काय केले? आम्ही आमच्या चळवळीतल्या एका वयोवृद्ध कार्यकर्त्यांना हे विचारले. ते पुष्कळ वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "अरे, तेव्हा आमचीच माणसे आत होती. आणि चिनी माणसासाठी तोंड उघडले असते तर बाहेरच्यांनी दगड मारले असते." दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. आम्ही त्यांना दोष देत नाही. त्या जागी आम्ही असतो तर काय केले असते, हे छातीवर हात ठेवून सांगणे कठीण आहे. पण 'जगातील कामगारांनो' अशी हाक दर मे दिनाला आम्ही मारतो, आणि शेजारच्या गल्लीतला सुतार त्या हाकेत बसला नाही, ही गोष्ट लपवून येथे उभे राहणे आम्हांला जमणार नाही. डॉ. कोटणीस सोलापूरहून चीनला गेले, तेथे १९४२ साली देह ठेवला, याचा आम्हांला रास्त अभिमान आहे. त्या अभिमानाच्या शेजारी देवलीही मांडावी लागते.

युद्धानंतर वस्तीने हाय खाल्ली. मुलगे कॅनडाकडे पाहू लागले. टोरांटोमध्ये आज टांगऱ्याच्या हक्का कुटुंबांची मोठी वस्ती आहे. तरी कारखाने चालत होते. मग १९ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. टांगरा, तिलजला, टॉपसिया, पगलाडांगा या चार भागांतले साडेपाचशेच्या आसपास कमावणी कारखाने शहराबाहेर बानतला येथे हलवा, न हलतील ते बंद करा. क्रोमचे पाणी नाल्यांतून मोकळे सोडले जात होते, हे खोटे नाही. त्या पाण्यात सर्वांत आधी उभा होता तो आमचा मजूर, तेव्हा स्वच्छ पाण्याला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. निकालात कामगारांच्या नोकरीच्या सातत्याची, नुकसानभरपाईची कलमेही होती. न्यायमूर्तींनी ती विसरली नव्हती. पण कलम कागदावर असते आणि मजुराचे नाव हजेरीपटावर असावे लागते. छोट्या कारखान्यांतून असे पट किती होते, हे आम्ही धारावीत पाहिले आहे. नाव नाही, तर नोकरी नव्हती. नोकरी नव्हती, तर भरपाई कसली?

आज टांगऱ्यात जुन्या कारखान्यांच्या उंच भिंती तशाच आहेत. आत हॉटेले आहेत, सॉसचे कारखाने आहेत, काही ठिकाणी नुसते गवत. एक कालीचे देऊळ आहे, चिनी लोकांनी चालवलेले. नैवेद्याला शेवया असतात. वर्तमानपत्रवाले त्याचे फोटो छापतात. चिनी भाषेतले शेवटचे वर्तमानपत्र याच वस्तीतून निघे, ते २०२० साली बंद पडले. सगळ्या शहरात मिळून चिनी माणसे आता दोन-एक हजार उरली, असे म्हणतात.

शेवटच्या संध्याकाळी आम्ही एका मोठ्या हॉटेलच्या फाटकापाशी उभे होतो. आत जाण्याइतके पैसे खिशात नव्हते, असे नाही, इच्छा नव्हती. फाटकावरचा पहारेकरी साठीचा, बिहारी. बोलता बोलता कळले की, पूर्वी याच आवारात कातड्याचा कारखाना होता आणि तो येथेच चुन्याच्या हौदावर कामाला होता. कारखाना बंद झाला, मालक कॅनडाला गेला. भरपाई मिळाली का? थोडे पैसे हातात दिले, कागद नाही. नाव पटावर होते का? त्याला ठाऊक नव्हते. मालक कसा होता? "आदमी अच्छा था. उसका लड़का अभी भी फोन करता है, उनके नये साल पर." मग त्याने पायजमा जरा वर करून पोटऱ्या दाखवल्या. चुन्याने खाल्लेल्या जागी कातडी पांढरी पडली होती.

त्याने आम्हांला एकच प्रश्न विचारला. "भैया, बंबई में चमड़े का काम अब है क्या?" आम्ही म्हटले, धारावीतही आता फारसे राहिले नाही. तो आणखी काही विचारणार होता, पण बाहेर मोटारीचा भोंगा वाजला आणि तो फाटक उघडावयास उठला.